परदेशातल्या सत्राची क्रेडिट पदवीत जमा होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २९ जुलै २०२० रोजी मंजुरी मिळाली. परदेशी विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट (अभ्यासाचे मोजमाप करणारी एकके), संस्थेला योग्य वाटेल तेथे, आपल्या पदवीसाठी धरता येतील, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर आपल्याकडे परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करारांचा धडाका सुरू झाला. करारावर सह्या होतात, छायाचित्र वर्तमानपत्रात येते. पण एक सत्र बाहेर शिकून आलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेत ते सत्र कुठे आणि कसे दिसणार, हे विचारले की परीक्षा विभाग अभ्यास मंडळाकडे पाठवतो, अभ्यास मंडळ प्राचार्यांकडे आणि प्राचार्य पुन्हा परीक्षा विभागाकडे. या पत्रात आम्हाला मांडायचे आहे ते एवढेच : परदेशातले सत्र जोवर पदवीच्या हिशेबात बसत नाही, तोवर त्याचा फायदा ज्यांच्याकडे वर्ष वाया घालवायची ऐपत आहे त्यांनाच होणार, आणि धोरणाच्या कोणत्याही उद्दिष्टाशी त्याचा संबंध लागणार नाही.

परदेशात शिकण्याचे फायदे सांगताना आपल्याकडे आत्मविश्वास वाढतो, जग पाहायला मिळते, असे मोघम बोलले जाते. शासनाला त्याचा उपयोग नाही. शासनाची उद्दिष्टे मोजता येण्याजोगी आहेत. २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले एकूण नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे आहे, प्रवेश घेतलेल्यांनी पदवी पूर्ण करायला हवी आहे, बहुविद्याशाखीय शिक्षण द्यायचे आहे. फायदा दाखवायचा तर या मापांवर दाखवायला हवा.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने तो तसा दाखवला. तिथल्या शासकीय विद्यापीठ व्यवस्थेतल्या ३५ संस्थांनी २००० पासून ‘ग्लॉसरी’ नावाच्या प्रकल्पात परदेशी जाऊन आलेले विद्यार्थी आणि त्याच संस्थांतले न गेलेले विद्यार्थी यांची तुलना केली. चार वर्षांत पदवी पूर्ण करणारे गेलेल्यांत ४९.६ टक्के आणि तुलनागटात ४२.१ टक्के निघाले. सहा वर्षांच्या मुदतीत हेच आकडे ८८.७ आणि ८३.४ होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत चार वर्षांत पदवी घेण्याचे प्रमाण त्यांच्या तुलनागटापेक्षा ३१ टक्क्यांनी वर होते. जाणारे विद्यार्थी मुळातच अधिक जिद्दीचे असतात, त्यामुळे हा सगळा फरक परदेशातल्या सत्राचाच आहे असे म्हणता येणार नाही. पण ‘बाहेर गेले की पदवी लांबते’ ही आपल्या प्राचार्यांची आणि पालकांची भीती या आकड्यांपुढे टिकत नाही. तिथे पदवी लांबत नाही याचे कारण साधे आहे : क्रेडिट आधीच मंजूर झालेली असतात. शिवाय अमेरिकेच्या कायद्यात १९९२ मध्ये बदल झाला आणि गरजू विद्यार्थ्याला मिळणारी केंद्रीय मदत मान्यताप्राप्त परदेशी सत्रासाठीही वापरता येऊ लागली. २००० मध्ये त्याच्या जोडीला, केवळ गरजूंसाठी असलेल्या पेल अनुदानाच्या लाभार्थ्यांकरिता, गिलमन शिष्यवृत्ती आली.

युरोपने हेच काम १९८७ पासून केले. इरॅस्मस या विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेच्या पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते. पुढे २००९ मध्ये बोलोन्या प्रक्रियेतल्या (उच्च शिक्षणाची रचना परस्परांशी जुळती करण्याच्या उपक्रमातल्या) देशांनी ठरवले की २०२० पर्यंत २० टक्के पदवीधरांनी शिक्षणाचा काही काळ दुसऱ्या देशात काढलेला असावा. उद्दिष्ट आकड्यात होते आणि त्यामागे क्रेडिटची सामाईक मोजपट्टी होती. आपल्याकडे आकडाही नाही आणि मोजपट्टीही कागदावर उतरलेली नाही.

आता नियमांकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २ मे २०२२ रोजी ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल पदवीचे विनियम काढले. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच मिळते आणि परदेशात एकूण क्रेडिटच्या जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट घेता येतात. तीन वर्षांच्या १२० क्रेडिटच्या पदवीत ही मर्यादा ३६ होते, म्हणजे एक पूर्ण सत्र आणि दुसऱ्याचा बराचसा भाग. १६० क्रेडिटच्या चार वर्षांच्या पदवीत ४८, म्हणजे दोन पूर्ण सत्रे आणि वर थोडेसे. आयोगाची वेगळी परवानगी न घेता असा करार करायचा तर नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा हवा, आणि समोरची संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत पहिल्या हजारात हवी. अटी वाजवी आहेत. पण तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक संलग्नित महाविद्यालयांना ही वाट बंद आहे.

त्यांच्यासाठी उरते ते साधे सत्र-विनिमय : विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाचा राहतो, एक सत्र बाहेर शिकतो, क्रेडिट घेऊन परत येतो. यासाठी विद्यापीठाचा स्वतःचा क्रेडिट-हस्तांतर नियम असावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, अभ्यास मंडळे आहेत, विद्या परिषद आहे, परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे. या चौघांनी एकाच टेबलावर बसून चार-पाच पानांचा नियम लिहावा, एवढेच काम आहे. तो नसला की प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रकरण नव्याने फायलीत फिरते, आणि सत्र संपले तरी फाइल संपत नाही.

नियमात पहिल्यांदा हिशेब लिहावा. युरोपात पूर्ण वर्षाचे ६० इसीटीएस (तिथली सामाईक क्रेडिट), सत्राचे ३०. ब्रिटनमध्ये वर्षाला १२०, सत्राला ६०. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२०, म्हणजे सत्राला १५. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १,२०० तास, म्हणजे सत्राला २०. तेव्हा आपल्या २० क्रेडिटच्या बरोबरीला ३० इसीटीएस, ६० ब्रिटिश किंवा १५ अमेरिकी क्रेडिट येतात. भागाकार सोपा आहे : इसीटीएसला दीडने भागा, ब्रिटिश क्रेडिटला तीनने भागा, अमेरिकी क्रेडिटला चार तृतीयांशाने गुणा. बहुतेक चूक तासांवरून होते. युरोपातला १ इसीटीएस २५ ते ३० तासांचा धरतात आणि त्यात घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळे येते. आपल्याकडे १ क्रेडिट म्हणजे १५ तासिका असे मोजण्याची जुनी सवय आहे. मग तिकडच्या वर्गातल्या तासिका मोजून ‘हे तर निम्मेच शिकले’ असा शेरा पडतो. सत्राशी सत्र आणि वर्षाशी वर्ष ताडून पाहिले की हा घोळ होत नाही.

दुसरी अडचण दोन क्रेडिटची. आपल्याकडे २०२३ च्या शासन निर्णयानंतर अनेक विद्यापीठांत सत्राला २२ क्रेडिट झाली आहेत. विद्यार्थी ३० इसीटीएस घेऊन आला की २० जमा होतात आणि २ कमी पडतात. ही २ क्रेडिट ‘स्वयम’ या केंद्राच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमातून भरता येतात, कारण ऑनलाइन अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला आयोगाने मुभा दिली आहे. मात्र त्याची अंतिम परीक्षा इथल्या केंद्रावर द्यावी लागते. म्हणून तो अभ्यासक्रम जाण्याआधीच्या सत्रात उरकावा किंवा परतल्यावर घ्यावा. परदेशात असतानाच त्याची नोंदणी केली, की नेमक्या परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी हजारो किलोमीटर दूर असतो.

कोणत्या सत्रात पाठवायचे, यावर आमचे मत ठाम आहे : चौथ्या. रिवाज पाचव्या सत्राचा पडला आहे, कारण मुले तोवर मोठी झालेली असतात. पण पाचव्या सत्रात मुख्य विषयाचे पेपर सर्वाधिक असतात आणि परदेशी अभ्यासक्रमाशी ते जुळवणे सर्वांत अवघड. सहाव्यात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, येते. पहिल्या दोन वर्षांत खुले वैकल्पिक विषय, मायनर (दुय्यम विषय), भाषेची क्षमतावर्धक क्रेडिट असे लवचिक भाग असतात, आणि परदेशात शिकलेली भाषा, कला किंवा पर्यावरणाचा एखादा पेपर त्यात अलगद बसतो. बहुविद्याशाखीय शिक्षण हे धोरणाचे उद्दिष्ट इथे वेगळ्या खर्चाशिवाय साधते.

दिनदर्शिकाही चौथ्या सत्राच्याच बाजूने आहे. जर्मनीत हिवाळी सत्राच्या तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. पाचव्या सत्राचा विद्यार्थी तिकडे गेला तर जून ते सप्टेंबर इथे अधांतरी राहतो, आणि परतेपर्यंत सहाव्या सत्राचे दीड-दोन महिने गेलेले असतात. उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्याला सुरू होते आणि जुलैच्या मध्याला तासिका संपतात; पाचव्या सत्राचे पहिले काही आठवडे तेवढे बुडतात आणि ते भरून काढता येतात. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतले जानेवारीत सुरू होणारे सत्र तर आपल्या चौथ्या सत्राशी जवळजवळ जुळतेच. एकच काळजी घ्यावी. तिसऱ्या सत्राचा निकाल वेळेत लागला नाही, तर परदेशी विद्यापीठाला प्रवेशासाठी लागणारी गुणपत्रिका देता येत नाही. जाणाऱ्यांचे निकाल आधी तपासून देण्याची सोय परीक्षा विभागाने करून ठेवावी.

आता या सगळ्या कामाचा कणा, म्हणजे अध्ययन करार. इरॅस्मसमध्ये विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्यांचा हा कागद जाण्याआधी होतो. डाव्या बाजूला तिकडे घ्यायचे विषय, उजव्या बाजूला इथले कोणते विषय त्याबदली माफ होणार, ते क्रेडिटसह. तिकडे गेल्यावर विषय बदलतातच. एखादा वर्ग भरलेला असतो, एखादा इंग्रजीत शिकवला जात नाही. म्हणून सत्राच्या सुरुवातीला बदलाचे एक पान जोडतात. परतल्यावर तिकडची गुणपत्रिका आली की करारात लिहिलेले सगळे आपोआप मान्य, पुन्हा चौकशी नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडते. विद्यार्थी आधी जातो आणि समतुल्यतेची समिती तो परतल्यावर बसते. मग पेपराशी पेपर जुळवण्याचा आग्रह धरला जातो, आणि एखादे प्रकरण शिकवलेले नाही म्हणून चार क्रेडिट नाकारली जातात. १९९७ च्या लिस्बन करारात युरोपने मान्य केलेले तत्त्व इथे कामाला येईल : ठोस, मूलभूत फरक दाखवता आला तरच नाकारा, नाहीतर मान्य करा. पाचव्या सत्रातल्या पेपरासाठी जे पायाभूत आहे तेवढे बारकाईने पाहावे. खुल्या वैकल्पिकात पाहू नये.

श्रेणींचे रूपांतर हा सर्वांत जास्त अन्याय करणारा भाग आहे. ब्रिटनमध्ये ७० गुण म्हणजे प्रथम वर्ग, ६० ते ६९ म्हणजे वरचा द्वितीय वर्ग, ४० ला उत्तीर्ण. तिथे ६८ मिळवणे सोपे नाही. हेच ६८ आपल्या दहा गुणांच्या कोष्टकात जसेच्या तसे घातले की चांगल्या विद्यार्थ्याचा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची एकत्रित श्रेणी-सरासरी, घसरतो. जर्मनीत उलटी गंगा : १.० सर्वोत्तम, ४.० ला जेमतेम उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास. १.३ पाहून कारकुनाने ते कमी गुण समजले, तर दोष कारकुनाचा नाही, कोष्टक न देणाऱ्याचा आहे. जर्मनीत १.० ते १.५ अतिउत्तम, २.५ पर्यंत चांगले, ३.५ पर्यंत समाधानकारक आणि ४.० पर्यंत पुरेसे, अशा चार पायऱ्या आहेत. त्या आपल्या ओ, ए-प्लस, ए, बी-प्लस या श्रेणींवर बसवणे हे एका दुपारचे काम आहे. यापेक्षा चांगली रीत इसीटीएसमध्ये आहे : त्या विभागात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळते याचे वितरण पाहायचे आणि आपल्या विभागाच्या वितरणाशी ताडायचे. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी क्रेडिट ‘उत्तीर्ण’ म्हणून जमा करावीत, सीजीपीएतून ती वगळावीत आणि मूळ श्रेणी गुणपत्रिकेवर छापावी. कोणताही मार्ग घ्या, पण विद्यार्थी जाण्याआधी त्याला लेखी कळू द्या.

इतके करूनही निकाल अडकतो तो परीक्षा अर्जापाशी. संगणक प्रणालीत विद्यार्थी चौथ्या सत्राला नोंदलेला असतो, पेपर आपोआप लागतात, तो परीक्षेला येत नाही, आणि निकालात सगळीकडे ‘गैरहजर’ उमटून पाठोपाठ एटीकेटी लागते. एकदा असे झाले की दुरुस्तीला महिने लागतात. त्या काळात महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करायचे असते, त्यासाठी मागची गुणपत्रिका जोडायची असते, आणि ती तर राखीव निकालात अडकलेली. गरीब विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. परदेशात जाऊन आल्याची शिक्षा म्हणून त्याची इथली शिष्यवृत्ती थांबते. उपाय : अध्ययन करार झाला त्याच आठवड्यात त्या विद्यार्थ्याची नोंद ‘विनिमयावर’ अशी करावी आणि त्याचे पेपर प्रणालीतून काढावेत.

विद्यार्थ्यांची क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेचेही असेच. २०२१ च्या विनियमांप्रमाणे क्रेडिट संस्था चढवते, विद्यार्थी नाही. परदेशी विद्यापीठ आपल्या बँकेत खाते उघडून क्रेडिट टाकणार नाही, हे उघड आहे. ती ‘हस्तांतरित’ म्हणून आपल्याच विद्यापीठाने चढवायची. इथे नावाचा घोळ होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. आधार कार्डावर क्रम निराळा. पासपोर्टावर आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने. परदेशी गुणपत्रिका पासपोर्टाप्रमाणे येते. दुसऱ्या सत्रातच आधार, क्रेडिट बँकेचे खाते आणि पासपोर्ट यांतली नावे ताडून घेतली तर पुढे प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे करावे लागत नाहीत. साध्या पासपोर्टाचे शुल्क १,५०० रुपये आहे. महाविद्यालयाने गरजू मुलांसाठी तेवढे तरी भरावे.

पैशांचा प्रश्न टाळता येत नाही. विनिमय करारात विद्यार्थी इथलीच फी भरतो, तिथली माफ असते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत तशीही फी नाही. राहतो तो जगण्याचा खर्च. जर्मन व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, म्हणजे पाच महिन्यांचे ४,९६०. युरो शंभर रुपयांचा धरला तरी पाच लाखांच्या आसपास, वर विमान आणि विमा. हे पैसे शेतमजुराच्या घरातून येणार नाहीत. आपली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती या दोन्ही मोलाच्या योजना आहेत, पण त्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला एका सत्रासाठी त्यातून काही मिळत नाही. त्या योजनांतला एक रुपयाही न काढता, पदवीच्या एका सत्रासाठी अर्थसंकल्पात वेगळे शीर्ष उघडावे अशी आमची मागणी आहे. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार लिहून घेतला होता. परदेशी शिक्षण आणि राज्याची गरज यांची सांगड घालण्याची कल्पना आपल्याला नवी नाही.

फी माफीचा करार दोन्ही बाजूंनी सारखे विद्यार्थी असतील तरच टिकतो, आणि लहान गावातल्या महाविद्यालयात सहा महिने राहायला परदेशी विद्यार्थी सहसा येत नाही. अनेक करारांत यावर तोड असते : तिकडून आलेले दोन अल्पमुदतीचे विद्यार्थी म्हणजे इकडचा एक सत्र-विद्यार्थी. दुष्काळी भागातले पाणलोटाचे काम, कोकणातली जैवविविधता, मराठी भाषा, वारी यांवर तीन-चार आठवड्यांचा अभ्यासवर्ग लहान महाविद्यालयही घेऊ शकते. त्याला वसतिगृहात स्वच्छ खोल्या आणि इंग्रजीत शिकवू शकणारे दोन-तीन शिक्षक पुरतात.

मोजमापाबद्दल एक नोंद. नॅकच्या आजवरच्या आराखड्यात कार्यरत सामंजस्य करारांची संख्या मोजली जात आली, आणि एनआयआरएफमध्ये बाहेरून आलेले विद्यार्थी मोजले जातात. गेलेल्या विद्यार्थ्याची किती क्रेडिट पदवीत जमा झाली, हे कुणी विचारत नाही. जे मोजतात तेच महाविद्यालये करतात, म्हणून करार वाढतात. उच्च शिक्षण संचालनालयाने प्रत्येक विद्यापीठाकडून वर्षाला चार आकडे मागवावेत : किती गेले, किती क्रेडिट घेतली, किती मान्य झाली, आणि गेलेल्यांपैकी किती जण मुदतीत पदवीधर झाले. त्यात मुली, राखीव प्रवर्ग आणि ग्रामीण महाविद्यालये यांची फोड असावी.

नवा शासन निर्णय निघेपर्यंत थांबायची गरज नाही. येत्या जूनच्या परीक्षा अर्जात ‘या सत्रात विनिमयावर’ असा एक रकाना आणि त्याला अध्ययन कराराची प्रत जोडण्याची सोय, एवढे विद्यापीठांच्या संगणक विभागाला सांगून आजही होऊ शकते.

आपले,
अभ्यासक्रम आणि क्रेडिट-हस्तांतराचे काम पाहणारे काही प्राध्यापक,
पुणे व सोलापूर